साखरपुड्याच्या अंगठीत खडा कोणता? आधी हात बघा

भाचीचा साखरपुडा ठरला आणि अंगठीचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "मावशी, मला हिरा नको. सगळ्यांच्याच बोटात हिरा असतो. मला पाचू हवाय. पिवळ्या सोन्यात, चौकोनी." तिच्या डोळ्यांसमोर अंगठी तयार होती. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तिचे हात आले. ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवते, प्रत्येक रुग्णानंतर हात धुते, स्कूटरवरून घरी येते आणि बऱ्याचदा संध्याकाळची कणीकही तीच मळते.

पाचूची एक अंगठी माझ्याकडेही आहे, पण ती डब्यात असते. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला घेतली होती. तीन वर्षांनी ओट्याच्या ग्रॅनाइटवर हात आपटला आणि खड्याचा कोपरा उडाला. ज्या दुकानातून घेतली तिथे विकताना कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं की चौकोनी पाचू असा कोपऱ्यातून जातो. ती हळहळ माझ्या मनातून जाईना, म्हणून पुढे मी रत्नपरीक्षेचा एक छोटा अभ्यासक्रम केला. भाचीला आठवडाभर जे समजावलं ते इथे लिहिते आहे, कारण हे प्रश्न सध्या घरोघरी पडतात.

आपल्याकडे अंगठीची देवाणघेवाण तशी अलीकडची. नावाप्रमाणे साखरपुड्यात मान साखरेच्या पुड्याचा. आजीच्या पिढीत सोनं घेताना मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या, नथ यांचा विचार व्हायचा. अंगठी असली तर असली. त्यामुळे मंगळसूत्राच्या वाट्या कशा हव्यात हे घरातल्या कुणीही सांगेल, पण रोज बोटात राहणाऱ्या खड्याच्या अंगठीबद्दल सांगणारं माणूस घरात सहसा नसतं. नथ समारंभापुरती निघते आणि पुन्हा डबीत जाते. ही अंगठी भांडी घासताना, बसचा दांडा पकडताना, बाळाला आंघोळ घालतानाही बोटात असणार. म्हणून खड्याआधी हात बघायचा.

कठीण आणि चिवट

खडा टिकतो की नाही, यात दोन वेगळे प्रश्न आहेत. त्याच्यावर ओरखडा उठतो का, हा एक. आपटला तर फुटतो का, हा दुसरा. गुळाच्या चिक्कीवर नखानं ओरखडा उठत नाही, पण ती फरशीवर पडली की तुकडे होतात. चपलेच्या रबरी तळाला नखानं खरवडता येतं, पण तो कितीही आपटला तरी फुटत नाही. चिक्की कठीण आहे, रबर चिवट आहे. रत्नांचंही असंच असतं, आणि दुकानात बहुतेक वेळा फक्त कठीणपणाबद्दल बोललं जातं.

कठीणपणा मोजायला फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ मध्ये १ ते १० अशी उतरंड लावली. वरच्या क्रमांकाचं खनिज खालच्यावर ओरखडा काढू शकतं. आपलं नख साधारण अडीचवर, सुरीचं पातं साडेपाचच्या आसपास, स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, ७ वर, टोपाझ ८ वर, माणिक आणि नीलम ९ वर, हिरा १० वर. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. ९ आणि १० यांच्यात एकाच क्रमांकाचं अंतर दिसतं, पण हिरा माणकापेक्षा साधारण चौपट कठीण आहे.

यात ७ हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या घरातल्या, रस्त्यावरच्या धुळीत स्फटिकाचे, म्हणजे वाळूचे बारीक कण असतात. धूळ बसलेली अंगठी आपण ओढणीनं पुसतो तेव्हा ते कण खड्यावर घासले जातात. खडा ७ च्या वर असेल तर त्याला काही होत नाही. खाली असेल तर दोन-चार वर्षांत पैलूंच्या कडा बोथट होतात आणि तेज उतरतं. तेव्हा खडा खोटा निघाला असं लोकांना वाटतं. खडा खराच असतो, रोजच्या धुळीपुढे तो मऊ पडलेला असतो.

आता चिवटपणा. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. कृपा करून हा प्रयोग कुणी करू नका. हिऱ्यात अणूंची रचना अशी असते की चार दिशांना तो सरळ चिरतो, लाकूड जसं रेषेत फाटतं तसा. पूर्वीचे कारागीर याचाच उपयोग करून हिरा एका ठोक्यात दुभंगत. ३१०६ कॅरेटचा कलिनन हिरा १९०८ मध्ये ॲमस्टरडॅमला असाच तोडला होता. रोजच्या वापरात हिरा सहसा फुटत नाही हे खरं, पण त्याच्या टोकदार कोपऱ्याला नेमक्या जागी मार बसला तर टवका उडू शकतो. टोपाझही असाच एका दिशेनं स्वच्छ चिरतो. माणिक आणि नीलम यांना अशी सहज चिरण्याची दिशा नाही, म्हणून ९ वर असूनही ते हातात फार भरवशाचे.

पाचूची गोष्ट वेगळी. क्रमांक साडेसात ते ८, म्हणजे धुळीला पुरून उरणारा. पण जमिनीत तयार होतानाच त्याच्या पोटात बारीक भेगा आणि इतर खनिजांचे कण अडकलेले असतात. भिंगातून बघितलं तर आत शेवाळाची बाग दिसते. पाचूचं सौंदर्य तिथेच आहे आणि त्याचं दुखणंही तिथेच. पाचूसाठी म्हणून जो कोपरे कापलेला लांबट चौकोनी घाट ठरला, तोही कोपरे वाचावेत म्हणूनच. माझ्या अंगठीत कोपरे पुरते टोकदार होते.

जाता जाता एक सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात जगभरचे खनिजसंग्राहक वेडे होतात अशी स्फटिकं सापडतात. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट, हिरवट अ‍ॅपोफिलाइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा मुलांना जरूर न्या. ही स्फटिकं बघताना अंगठीत बसवावीत असं वाटतंच. पण कॅव्हन्साइट ३ ते ४ वर आहे आणि अ‍ॅपोफिलाइट पाचाच्याही खाली, शिवाय पापुद्र्यासारखं सुटणारं. ती कपाटातच शोभतात.

सोनं किती कॅरेटचं?

इथे आमच्या घरात वाद झाला. आई, म्हणजे भाचीची आजी, म्हणाली, "घ्यायचं तर २२ कॅरेट. १८ म्हणजे भेसळ." तिचं चूक नव्हतं, तिचा हिशेब मोडीचा होता. पण खडा धरून ठेवायचा तर हिशेब बदलतो.

आधी एक गोंधळ दूर करू. कॅरेट हा शब्द दोन अर्थांनी येतो. सोन्याचं कॅरेट म्हणजे २४ भागांत शुद्ध सोनं किती. २२ कॅरेट म्हणजे ९१६, १८ म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५. हे आकडे हजारात मोजलेले. खड्याचं कॅरेट म्हणजे वजन, १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. "१८ कॅरेट सोन्यात अर्ध्या कॅरेटचा हिरा" हे वाक्य ऐकून गोंधळायला होतं ते यामुळे.

शुद्ध सोनं मऊ असतं. त्यात तांबं, चांदी मिसळली की ते ताठ होतं. हिऱ्याच्या अंगठीत खड्याला वरून चार किंवा सहा बारीक नखं पकडून ठेवतात, त्यांना दुकानात प्राँग म्हणतात. अशा उंच नखांची सहा प्राँगची बैठक न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीनं १८८६ मध्ये आणली आणि जगभर तिचीच नक्कल झाली. ही नखं २२ कॅरेटची असली तर काही वर्षांत झिजतात, लोकरीत अडकून वाकतात, आणि एके दिवशी खडा कुठे पडला ते कळतही नाही. म्हणून प्राँगची अंगठी १८ कॅरेटमध्ये करतात, काही जण १४ मध्येही. ती भेसळ नाही, खड्याची राखण आहे.

मग जुन्या माणसांच्या २२ कॅरेटच्या खड्याच्या अंगठ्या कशा टिकल्या? त्यांना नखं नव्हती. आपलं कोंदण खड्याला चारही बाजूंनी सोन्यात बसवतं आणि सोन्याची कड त्याच्यावर दाबून घेतली जाते. मऊ सोनं तिथे उलट सोयीचं, कारण ते खड्याच्या अंगाशी नीट बसतं. आपल्या कारागिरांनी मऊ सोन्याला साजेल अशीच बैठक घडवली होती, आणि मला यात त्यांची फार मोठी समज दिसते. आज दुकानात हीच बंद बैठक बेझल या नावानं मिळते. आजीला २२ कॅरेटच हवं असेल तर मार्ग हाच: खडा बुटका, कड जाड, बैठक बंद.

पांढऱ्या सोन्याबद्दल थोडक्यात. ते निसर्गात मिळत नाही. सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून पिवळेपणा कमी करतात आणि वरून रोडियमचा मुलामा देतात. तो मुलामा रोजच्या वापरात झिजतो, पुन्हा द्यावा लागतो. निकेलची काहींना खाज येते. ज्यांना कधी खोट्या दागिन्यांनी पुरळ आलं असेल त्यांनी दुकानात हे विचारूनच घ्यावं.

सोन्याचा रंग आणि खड्याचा रंग

पिवळं सोनं म्हणजे खड्याच्या खाली धरलेला पिवळा आरसा. खडा पारदर्शक असेल तर तो पिवळा त्याच्या पोटातून दिसतो. एवढं लक्षात आलं की निम्मी निवड होते.

माणिक पिवळ्या सोन्यात पेटतं. लाल आणि पिवळा दोन्ही उष्ण रंग, एकमेकांना चढवतात. गडद हिरवा पाचूही पिवळ्यावर उठून दिसतो, पैठणीच्या जरीवर हिरवा पदर दिसतो तसा. गडद नीलमाला पिवळं सोनं छान विरोध देतं, पण फिकट निळा खडा, उदाहरणार्थ ॲक्वामरीन, पिवळ्या बंद बैठकीत हिरवट आणि निस्तेज होतो. त्याला पांढरं सोनं किंवा प्लॅटिनम हवं. पुष्कराज पिवळ्या सोन्यात विरघळून जातो, लांबून फक्त सोन्याचा गोळा दिसतो. पुष्कराज घ्यायचाच असेल तर त्याच्याभोवती बारीक हिऱ्यांची ओळ द्या, कड आपोआप दिसू लागते. गुलाबी सोन्यात तांबं जास्त असतं, त्यात गुलाबी नीलम आणि मोरपंखी छटेचे खडे सुरेख जातात.

हिऱ्याच्या बाबतीत पिवळं सोनं तुमचे पैसे वाचवू शकतं. हिऱ्याचा रंग डी पासून झेड पर्यंत मोजतात. डी अगदी रंगहीन, पुढे जाल तसा किंचित पिवळसर. प्लॅटिनमवर जे किंवा के दर्जाचा पिवळेपणा जाणवतो. पिवळ्या सोन्यात तो जाणवत नाही, कारण सोनंच पिवळं आहे. तेव्हा पिवळ्या सोन्याच्या अंगठीसाठी डी किंवा ई चे पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. ते पैसे पैलूंच्या दर्जावर घाला. हिरा चमकतो तो पैलूंच्या कोनांमुळे, कोन चुकले तर डी दर्जाचा हिराही मेलेला दिसतो. नखं तेवढी पांढऱ्या सोन्याची करून घेतली तर आणखी छान.

रंग बघायचा तो दुकानाच्या दिव्यात नाही. पिवळट दिव्यात माणिक निखाऱ्यासारखं दिसतं आणि नीलम शाईसारखा काळा पडतो. दिवसाच्या उजेडात नीलम खुलतो. बारीक प्रखर दिव्यांखाली कुठलाही हिरा लखलखतो. म्हणून अंगठी बोटात घालून दाराशी या, सावलीत उभ्या राहा, हात शरीरापासून जरा लांब धरा. लक्ष्मी रोड असो, झवेरी बाजार असो की कोल्हापूरची गुजरी, चांगला सराफ याला कधीच नाही म्हणत नाही. नाही म्हणाला तर मी तिथून घेणार नाही.

रोजच्या अंगठीसाठी कोण

हिरा, माणिक, नीलम, पुष्कराज. रोज न काढता घालायची अंगठी असेल तर माझ्या मते हे चार. शेवटचे तिघे खरं तर एकाच आईची लेकरं आहेत. कोरंडम नावाचं खनिज शुद्ध असेल तर रंगहीन. त्यात क्रोमियमचा अंश आला की माणिक, लोह आणि टायटॅनियम आले की नीलम. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. इथे सावध राहा, कारण पुष्कराज या नावाखाली बाजारात टोपाझही विकला जातो आणि सुनेला म्हणजे पिवळा स्फटिकही. तिघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. दुकानात सरळ विचारा, "हा कोरंडम आहे का, आणि पावतीवर तसं लिहून द्याल का?"

नीलम म्हटलं की घरात शांतता पसरते. "सगळ्यांना लाभत नाही" हे वाक्य येतंच. लेडी डायनाच्या साखरपुड्याची अंगठी १९८१ मधली, श्रीलंकेचा १२ कॅरेटचा नीलम आणि भोवती १४ हिरे. मी ते उदाहरण दिलं तर आई लगेच म्हणाली, "आणि त्या संसाराचं काय झालं?" खरं आहे. पण तीच अंगठी २०१० मध्ये विल्यमनं केटला दिली आणि अजून तिच्या बोटात आहे. माझं म्हणणं एवढंच की ग्रह मानायचे की नाही हे दोघांनी आणि दोन्ही घरांनी खड्याकडे जाण्याआधी बोलून घ्यावं. खड्यामुळे कुणाच्या मनात भीती बसणार असेल तर तो खडा कितीही सुंदर असला तरी टाळावा. ही अंगठी बघताना घरातल्या कुणाचा जीव खाली-वर होऊ नये. ग्रहासाठीच खडा घालायचा असेल तर तो बोटाला लागावा म्हणून बैठक खालून उघडी ठेवतात. ती उघडी ठेवणं प्रकाशासाठी आणि आतून धुण्यासाठीही चांगलंच.

स्पिनेल हा खडा आपल्याकडे फार कुणी मागत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. ८ वर, चिवट, लाल-गुलाबी-निळ्या रंगांत मिळतो. शतकानुशतकं लोक त्याला माणिकच समजत होते. ब्रिटिश राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' हे खरं तर स्पिनेल आहे.

मोती आणि पोवळं अंगठीत रोज घालू नका. दोन्ही चुनखडीच्या जातीचे, कॅल्शियम कार्बोनेट. घामाची, लिंबाची, अत्तराची झळ त्यांना लागते. क्रमांक अडीच ते चार. नथीत आणि तन्मणीत मोती पिढ्यान्पिढ्या टिकतो, कारण ती रोजच्या कामात नसते. ओपल तर स्वतःच्या पोटात पाणी धरून असतो, ते सुकलं की तडे जातात.

मोठा खडा हवा पण पैसे बेताचे, असं असेल तर आणखी एक गंमत सांगते. सारख्या वजनाचे खडे सारख्या आकाराचे नसतात. माणिक पाण्याच्या चौपट जड, हिरा साडेतीनपट, पाचू पावणेतीनपटीहून थोडा कमी. म्हणून १ कॅरेटचा पाचू १ कॅरेटच्या माणकापेक्षा चांगलाच मोठा दिसतो. १ कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा असतो. दुकानात वजनाबरोबर मिलिमीटरही विचारा. आणि रत्तीत भाव सांगितला तर कॅरेटमध्ये वजन मागा. रत्ती म्हणजे मुळात आपली गुंज, ९६ गुंजांचा तोळा. पण खड्यांच्या बाजारात रत्तीचं वजन दुकानागणिक बदलतं.

खडा खरा, पण त्याच्यावर काय केलंय?

खडा खरा की खोटा एवढंच विचारून भागत नाही. बहुतेक माणकं आणि नीलम तापवलेले असतात, रंग उजळण्यासाठी. हे जुनं आणि कायम टिकणारं काम आहे, त्यात वावगं काही नाही, फक्त न तापवलेल्या खड्याची किंमत जास्त असते. पाचूच्या भेगांत तेल भरतात. तेही सर्वमान्य आहे, पण म्हणूनच पाचू गरम पाण्यात, वाफेत किंवा दुकानातल्या अल्ट्रासॉनिक यंत्रात घालायचा नाही. तेल निघालं की लपलेल्या भेगा पांढऱ्या दिसू लागतात.

धोका आहे तो काच भरलेल्या माणकांत. अगदी हलक्या दर्जाच्या, भेगाळलेल्या माणकात शिशाची काच ओततात आणि ते लालबुंद दिसू लागतं. अशा खड्याला लिंबाच्या रसानंही इजा होते आणि अंगठी मापाची करायला दिवटीची झळ लागली तर काच खराब होते. मोठं, स्वच्छ, लाल माणिक आश्चर्य वाटावं इतक्या स्वस्तात मिळालं तर हेच असणार असं समजा.

आजीच्या अंगठीतला खडा काढून नव्या अंगठीत बसवायचा विचार खूप सुंदर असतो. पण जुना म्हणजे खाणीतलाच, असं नाही. कृत्रिम माणिक करण्याची व्हर्नुइल पद्धत १९०२ मध्ये जगापुढे आली आणि तेव्हापासून अशी माणकं जगभर पसरली. भिंगाखाली त्यांच्या पोटात गोलाकार रेषा दिसतात, निसर्गात त्या सरळ असतात. खडा कृत्रिम निघाला तरी आजीची आठवण खरीच आहे. फक्त किमतीचा गैरसमज नको.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा खराच हिरा असतो. तोच कार्बन, तोच कठीणपणा. नुसत्या डोळ्यांनी, भिंगानंही तो वेगळा ओळखता येत नाही, यंत्रच लागतं. सुरतेत त्यांचं मोठं काम चालतं. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा असाच होता. घालायला आनंदानं घ्या. पण मोडीत त्याला फारसं काही येत नाही, हे घेतानाच मनाशी पक्कं करा. मॉयसनाइट मात्र हिरा नाही, वेगळाच पदार्थ आहे. सव्वानऊ क्रमांकाचा, उत्तम टिकाऊ, हिऱ्याहून जास्त रंगीत झगमगणारा. साधं उष्णतेवर चालणारं हिरा तपासायचं पेन त्यालाही हिरा म्हणतं.

पावती आणि शिक्का

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचं सोनं सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय विकता येत नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता आणि तो क्रमांक भिंगातून दिसतो. बीआयएस केअर ॲपमध्ये क्रमांक घातला की माहिती समोर येते. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ही सक्ती नाही, आणि नाजूक अंगठ्या बऱ्याचदा तिथेच बसतात, म्हणून वजन विचारा. हॉलमार्क फक्त सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल एक अक्षरही नाही. खड्याचं प्रमाणपत्र वेगळं घ्यायचं. हिऱ्याला जीआयए, आयजीआय या प्रयोगशाळांची नावं आहेतच. रंगीत खडे तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा मुंबईत आणि जयपूरला आहेत. पावतीवर एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन आणि खड्याचं वजन तिन्ही वेगळी लिहून घ्या, म्हणजे खड्याचं वजन सोन्याच्या भावानं लागत नाही. बोटाभोवती सगळीकडून खडे बसवलेली अंगठी घेऊ नका. ती पुढे लहान-मोठी करता येत नाही, आणि बाळंतपणात, वयानं बोटं बदलतातच.

भाचीचं काय झालं? हिरवा रंग तिला सोडवत नव्हता. दुकानातल्या वयस्क कारागिरानं एक बारीक हिरवा खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला, त्साव्होराइट. हा गार्नेटच्या घराण्यातला. आपला गोमेद आणि हा एकाच खनिजाची दोन रूपं, ग्रॉस्युलर. १९६७ मध्ये टांझानियात सापडला. पाचूला हिरवा करणारे व्हॅनेडियम आणि क्रोमियम यालाही हिरवा करतात, पण हा सहसा स्वच्छ असतो आणि त्याला तेल लागत नाही. क्रमांक सात ते साडेसात, म्हणजे धुळीच्या रेषेच्या जेमतेम वर. वीस वर्षांनी कदाचित पुन्हा पॉलिश करावं लागेल, हे तिला सांगितलं. मोठ्या आकारात तो दुर्मीळ आहे, तिचा अर्ध्या कॅरेटचाच आहे. १८ कॅरेट पिवळं सोनं, अंडाकृती खडा, बोटाला टेकलेली बंद बैठक. क्लिनिकमध्ये ती अंगठी काढून ठेवते, कारण तिच्या रुग्णांच्या त्वचेला ओरखडा नको, असं तीच म्हणाली.

धुण्यासाठी तिला एक मऊ ब्रश घेऊन दिला. कोमट पाणी, भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब, खड्याच्या मागच्या बाजूनं हलकेच घासायचं. हिरा असेल तर हे आठवड्यातून एकदा तरी करा, कारण हिऱ्याला तेल-तूप चिकटतं. खाणीत पूर्वी हिरे वेगळे काढायला ग्रीस फासलेल्या पाट्या वापरत त्या याच गुणामुळे. फोडणीचा धूर बसलेला हिरा काचेसारखा दिसतो आणि धुतला की परत जागा होतो. आणि महिन्यातून एकदा अंगठी कानाशी धरून तिला नखानं टिचकी मारायची. आवाज आला नाही तर ठीक. बारीक खुळखुळ ऐकू आली तर ती अंगठी त्याच दिवशी काढून, डबीत घालून कारागिराकडे न्यायची.